छपराआधी चूल

दसऱ्याच्या दिवशी गवंडी थापीला हात लावत नाही, तिची पूजा करतो. ही गोष्ट कल्याण तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. दिघ्यांच्या घरात दोन पदवीधर असून ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. माणगावला निघायचं ते दसऱ्याला, सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावर, असं ठरलं. घरच्या लेकीच्या, मालिनीच्या, खोलीवर कौलं चढवायची तीही त्याच सकाळी, निघायच्या आधी, असंही ठरलं. आता शिवमंदिराच्या वाटेवरच्या दिघ्यांच्या अर्ध्या बांधलेल्या घरापुढे बुधाजी गवंड्याने थाप्या, ओळंबे, करवती, पहारी एका फळीवर मांडून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, आणि स्वतः धुतलेलं धोतर नेसून तो विडी ओढत बसला होता. आज त्याला प्रत्यक्ष विश्वकर्म्यालाही उठवता आलं नसतं.

प्लॉटच्या मागच्या अंगाला मालिनीची खोली चार भिंतींनिशी उघडी उभी होती. पावसाळा सरला होता, आभाळ स्वच्छ होतं, एवढंच काय ते बरं.

"रिपा तर मारून झाल्यात ना?" मालिनीने पदर खोचला. "कौलं नुसती अडकवायची असतात. त्याला थापी कशाला हवी? शिडी द्या, मी चढते."

"चडा की ताई, मी कुटं नाय म्हनतो?" बुधाजीने विडी विझवली. "पन कवलं हायती कुटं?"

विटांच्या ढिगामागे काल संध्याकाळपर्यंत मंगलोरी कौलांची रास होती. तिथे आता गवत दबलेली जागा तेवढी उरली होती. मालिनी तिथे जाऊन उभी राहिली आणि मग सगळ्यांनीच मान वळवून घराच्या दर्शनी पडवीकडे बघितलं. पडवी लालभडक कौलांनी नुसती झळकत होती.

विठा ही बारवीकडच्या पाड्यावरची मजुरीण. प्लॉटच्या कोपऱ्यातच झोपडं घालून राहायची. तिच्या पोटात काही राहत नसे. "तुमचीच ती, बाय," ती म्हणाली. "दादासायबांनी काल सांगितलान, पयली पडवी झाका. मंग आमी रातीच कंदील लावून पडवीवर घातली. मला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

मालिनीला ठावं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी माणगावला नवऱ्याच्या तेराव्या दिवशी सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, तिची ट्रंक बैलगाडीत ठेवली होती आणि दोन वर्षांची कुंदा ठेवून घेतली होती. "सून भावाच्या आश्रयाला चाललीय," तात्या चार माणसांत म्हणाले होते. "माझी नात आश्रिताची आश्रित म्हणून धाडू होय? स्वतःची चूल मांड आणि मग मुलगी ने. मी आडवा येणार नाही." विधवा बाई स्वतःची चूल मांडत नसते, हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणूनच ते इतकं उदारपणे बोलले. मालिनीने मात्र ते बोलणं अक्षरशः धरलं. उल्हासनगरच्या कॅम्पात सिंध्यांच्या पोरांना मराठी शिकवायची नोकरी धरली, वर्षातून दोनदा माणगावला जाऊन ओटीवर पाहुणीसारखी बसून लेकीला बघून आली आणि चार वर्षांचा पगार भावाच्या प्लॉटच्या मागच्या अंगाला या खोलीत घातला. आज ती कुंदाला आणायला निघणार होती.

"दादा कुठे आहे?" तिने विचारलं.

*

दादा, म्हणजे हेमचंद्र, चुन्याच्या घाणीपाशी उभा राहून मजुरांना दसऱ्याचे पेढे वाटत होता. बहिणीला येताना पाहिलं तेव्हाच त्याने मनाशी वाक्य जुळवलं. कारखान्यात हाताखाली चाळीस माणसं असली की वाक्यं जुळवायची सवय लागते.

"कौलं कमी पडली," तो ती बोलायच्या आतच म्हणाला. "कल्याणचा माणूस म्हणतो, नवी खेप बारसेला येईल. दिवाळीच्या पाडव्याला वास्तुशांत, साहेब सहकुटुंब यायचेत. पडवीचं रंगकाम व्हायचंय, ती उघडी ठेवून कसं चालेल? तुझी खोली मागे, कुणाच्या नजरेला यायची नाही. दोन दिवस थांब. कौलं चढली की जा खुशाल माणगावला. मीच धाडीन."

"माझ्या कौलांनी तुझी पडवी सजवलीस आणि मला सांगितलंही नाहीस."

"तुझी-माझी काय करतेस, मालू? घर एकच ना?"

हेमचंद्र वाईट माणूस नव्हता. हे सांगून ठेवलं पाहिजे, कारण या प्रकरणात त्याच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नाही. वडील गेले तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. बहिणीचं लग्न त्याने लावून दिलं, भावाला शिकवायचा प्रयत्न केला, आईला सांभाळलं. इतकी वर्षं सगळ्यांचं तोच ठरवत आला होता आणि ठरवता ठरवता, विचारायचं असतं हेच विसरून गेला होता. आज त्याला फक्त दोन दिवस पाहिजे होते. का पाहिजे होते ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात मंदिराच्या वळणावरून भोंगा वाजला. बाळची जीप आली.

धाकटा भाऊ बाळ कॉलेज सोडून कॅम्पातल्या लोकुमलच्या गॅरेजात हात काळे करत असे. सैन्य उठून गेल्यावर कॅम्पात मागे राहिलेल्या भंगारातली जीप लोकुमलने घेतली आणि बाळने दुरुस्त करून त्याच्याकडून आपली केली. महिनाभर त्या जीपने घराची वाळू, विटा, सागाचे वासे वाहिले होते. आज बाळने ती धुऊन पुसून, नाकावर झेंडूचं तोरण बांधून आणली होती. मागे पेट्रोलचा डबा, पाण्याचा डबा, दोन जास्तीची चाकं, ताडपत्री, पंक्चरचं सामान आणि कर्नाळ्याच्या खिंडीत कुणी अडवलंच तर म्हणून एक हॉकी स्टिक.

"एकदम फर्स्ट क्लास!" बाळने उडी मारली. "शीळफाट्यावरून पनवेल, पेण, नागोठणं. दुपार कलायच्या आत माणगाव. चल ताई, बस. अरे, काय झालं? सगळे असे सुतकात का?"

"जीप आज कुठेही जाणार नाही," हेमचंद्र म्हणाला. "चुना आणायचाय कल्याणहून. किल्ली दे इकडे."

बाळ खदखदून हसला. "लष्करी जीप आहे, दादा. हिला किल्ली नसते! गोळ्या सुटत असताना किल्ली कोण हुडकत बसणार? बटण फिरवलं की झालं. घे, काय घेतोस?"

मजुरांतही हसू फुटलं. हेमचंद्राचा पुढे केलेला हात तसाच राहिला आणि मग त्याने तो खिशात घातला.

*

हेमचंद्राची बायको कुमुदिनी याच वेळी दुधाचं पातेलं घेऊन आली. पलीकडच्या गल्लीत त्यांनी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. तिथून ती दसऱ्याच्या बासुंदीचं दूध सावरत आणत होती, कारण घराला सोनं वाहून दुपारचं जेवण प्लॉटवरच करायचं होतं. पडवी झाकली गेली याचा तिला मनापासून आनंद होता. का नसावा? आठ वर्षं भाड्याच्या खोलीत संसार करून तिला पहिल्यांदा दर्शनी पडवी मिळत होती. साहेबांच्या बायकोला कुठे बसवायचं, हेसुद्धा तिने ठरवून टाकलं होतं. नणंदेची कौलं गेली याचं तिला वाईट वाटलं होतं, पण बेताचंच.

"वन्सं, थांबा ना दोन दिवस," ती पातेलं विटांवर टेकवत म्हणाली. "एवीतेवी माणगावला आज पाहुण्यांची गर्दी असणार. बडोद्याचे लोक आलेत ना? अहो, तुम्हीच नाही का म्हणालात, पनवेलच्या लग्नात तात्या भेटले, बोलणं झालं म्हणून?"

हेमचंद्राने तिच्याकडे असं बघितलं की तिला एकदम कळलं, आपण काहीतरी सांडलं.

"तात्या भेटले?" मालिनी म्हणाली. "तुला? कधी? मला बोलला नाहीस."

"विशेष काही नाही. लग्नात भेटतात माणसं."

"बडोद्याचे लोक कशाला आलेत, दादा?"

हेमचंद्र पेढ्यांचा खोका बंद करू लागला.

"मी विचारते," आता माई बोलली. माई, त्यांची आई, इतका वेळ विटांच्या ढिगावर बसून आपट्याची पानं निवडत होती. तिने हातातली पानं खाली ठेवली. "हेमू, काय बोलणं झालं? माझ्याकडे बघून सांग."

आईकडे बघून खोटं बोलणं त्याला कधीच जमलं नव्हतं. म्हणूनच तो गेला आठवडाभर तिच्याकडे बघत नव्हता.

"मालूच्या थोरल्या दिरांना मूलबाळ नाही," तो म्हणाला. "बडोद्याला मोठं घर आहे, दारात टांगा आहे, मुलींची चांगली शाळा आहे. ते कुंदाला नेणार. वाढवणार, शिकवणार, लग्न करून देणार. उद्या एकादशीला निघायचेत. तात्या म्हणाले, तुमची बहीण मध्येच येऊन तमाशा करणार नाही एवढं बघा. मी... मी शब्द दिला."

बुधाजीने उगीचच थापीवरची माळ नीट केली.

"म्हणजे कौलं कमी पडली नव्हती," मालिनी म्हणाली.

"मालू, शांतपणे विचार कर. काय देणार आहेस तू पोरीला? दहा बाय बाराची खोली? बाप नाही, आई नोकरीला, आजूबाजूला निर्वासितांचा कॅम्प. बडोद्याला ती राजकन्येसारखी राहील. मी तुझं वाईट चिंतीन का? तू माणगावला जाशील, तात्या चार माणसांत तुला हाकलतील, आणि मग तू परत येऊन आयुष्यभर रडशील. ते मला बघवणार नाही, म्हणून केलं."

"माझं रडणं तुला बघवत नाही, म्हणून माझी मुलगी तू देऊन टाकलीस?" मालिनीचा आवाज चढला नाही. चढला असता तर हेमचंद्राला उत्तर देणं सोपं गेलं असतं. "तुझा शब्द तुझ्यापाशी ठेव, दादा. मुलगी माझी आहे. मी आज निघणार."

"आणि तात्यांना काय सांगणार? चूल मांडली? कुठेय चूल?"

मालिनीने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग ती वळली, ढिगातल्या विटा उचलल्या आणि आपल्या बिनछपराच्या खोलीत शिरली.

*

माईला सगळ्यांच्या आधी कळलं, लेक काय करतेय ते.

मालिनी कोपऱ्यात विटा मांडत होती, चुलीच्या घाटाने. जमीन अजून सारवलेली नव्हती, नुसती चोपलेली. तिने हातानेच माती सारखी केली, बाजूला पडलेले रिपांचे तुकडे गोळा केले. माई दारात उभी राहून बघत होती.

माईला स्वतःची चूल अशी कधी मिळालीच नव्हती. आधी सासूची होती, तिथे ती राबली. सासू गेली त्याच वर्षी नवरा गेला आणि चूल सुनेची झाली. हेमूच्या लग्नात तिने मुलाला डोळे भरून बघितलं तेही माजघराच्या दाराआडून, कारण पांढऱ्या कपाळाने पुढे यायचं नसतं. ती पुढे आली नाही. पुढे ये असं म्हणणारं कुणी नव्हतं आणि आपण होऊन यावं एवढी तिची छाती नव्हती. तेव्हाचा राग तिला आज, या वयात, भर उन्हात आला.

तिने विटांजवळचं एक फुटकं खापर उचललं आणि तरातरा विठाच्या झोपड्याकडे गेली. विठाची चूल पेटलेली होती.

"विठा, विस्तव घाल यात."

विठा चपापली. "माई, माज्या चुलीतला? तुमच्या नव्या घरात? भटजी काय म्हनतील?"

"विस्तव तो विस्तव. भटजींना तुझ्या-माझ्यातलं कोण सांगणार आहे? घाल लवकर."

खापरात निखारे घेऊन माई परत आली तेव्हा हेमचंद्र खोलीच्या दारात आडवा उभा होता. "माई, हे काय चाललंय? वास्तुशांत झाली नाही, थोरल्याची चूल पेटली नाही, घराला छप्पर नाही, आणि हिच्या हातून..."

"बोल की. विधवेच्या हातून, असंच ना?" माईने खापर पुढे धरलं. "विस्तव आणला तोही विधवेनेच. चटका बसेल हेमू, बाजूला हो."

तो बाजूला झाला. आईच्या हातून त्याला चटका बसला असताच. तिचा चेहरा तसं सांगत होता.

निखारे लाकडांखाली गेले. मालिनी गुडघ्यांवर बसून फुंकू लागली. धूर झाला, डोळे चुरचुरले, मग जाळ लागला. छप्पर नसल्यामुळे धूर सरळ आभाळात गेला. पण चुलीवर ठेवायला काहीच नव्हतं, हे सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. नव्या घरात पहिलं दूध उतू जायला पाहिजे.

सगळ्यांचे डोळे कुमुदिनीच्या पातेल्याकडे गेले.

कुमुदिनीने नवऱ्याकडे बघितलं. तिला आठ वर्षांत एक मूल झालं होतं आणि ते चौथ्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर घरात कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. तिच्या भल्यासाठीच म्हणे. हेमचंद्रानेच तसं ठरवलं होतं. कुंदाचंही त्याने असंच, भल्यासाठी, ठरवून टाकलं होतं. आणि आपल्याला वाटत होतं की प्रश्न कौलांचा आहे! तिला स्वतःची शरम वाटली आणि नवऱ्याचा भयंकर राग आला.

तिने पातेलं उचललं, सरळ खोलीत गेली आणि चुलीवर ठेवलं.

"अगं, बासुंदी..." हेमचंद्र म्हणाला.

"दसऱ्याला वरणभात खाल्ला म्हणून कुणी मरत नाही," कुमुदिनी म्हणाली. "वन्सं, जाळ वाढवा. दूध पुष्कळ आहे, वेळ लागेल."

वेळ लागलाच. बाळ दोनदा बाहेर जाऊन जीपचं पाणी बघून आला. बुधाजी गवंडी, विठा, मजूर सगळे दाराशी जमले. हेमचंद्र एकटा पडवीत येरझाऱ्या घालत राहिला. मग साय फुगली, वर चढली आणि दूध पातेल्याच्या काठावरून चारी बाजूंनी भसाभसा विटांवर आलं. करपलेल्या दुधाचा वास सगळीकडे पसरला.

"झाली चूल," माई म्हणाली आणि डोळे पुसले. धूर तर केव्हाच गेला होता.

मालिनी उठली. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर राख होती, हातावर एक फोड आला होता. "बाळ, गाडी काढ," ती म्हणाली.

"मी पण येते," माई म्हणाली.

"तू? माई, सगळा रस्ता खड्ड्यांचा आहे. हाडं मोकळी होतील."

"होऊ देत. चार माणसांत अट घातली होती ना तात्यांनी? मग दूध उतू गेलं हे सांगायलाही माणूस पाहिजे. मी सांगेन. बसव मला पुढे."

*

हेमचंद्र जीपसमोर येऊन उभा राहिला. इंजिन धडधडत होतं, बाळचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, मागे मालिनी, पुढे आई. आईला त्याने मोटारीत बसलेली कधी बघितलीच नव्हती.

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "माझी काय किंमत राहील?"

"बाजूला हो दादा," मालिनी म्हणाली. "बाळ गाडी थांबवेल, मी थांबणार नाही. चालत जाईन."

तो हलला नाही. शेवटी कुमुदिनीने जाऊन त्याचं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हटलं, "अहो, शेजारी बघतायत." एवढ्याने तो बाजूला झाला. नीतीच्या, प्रेमाच्या, आईच्या शब्दाने जे झालं नाही ते शेजाऱ्यांनी केलं. माणसं अशीच असतात, आणि हेमचंद्र तर अधिकारी होता.

जीप वळणाआड गेली. मजूर पांगले. हेमचंद्र बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला आणि मागे वळला तेव्हा त्याला दिसलं की कुमुदिनीने काष्टा घट्ट मारलाय, पडवीला शिडी लावलीय आणि ती वरून कौलं काढून खाली उभ्या असलेल्या विठाच्या हातात देतेय.

"काय करतेस तू?"

"कौलं उतरवते."

"कुमुद, आज दसरा आहे. आज काम करत नाहीत."

"ते गवंड्यांनी. बायकांना कधी सुट्टी असते?" तिने आणखी एक कौल काढलं. "उद्या पोर येईल. तिला काय आभाळाखाली निजवायचं?"

"येईल कशावरून?"

"नाही आली तर वन्सं तरी येतील ना? त्यांना छप्पर नको?"

"आणि नवी खेप वेळेवर आली नाही, पाडव्याला साहेब आले म्हणजे? पडवी अशी उघडी?"

"त्यांना सांगा, आमचं घर व्हायचंय अजून." ती शिडीवरून खाली त्याच्याकडे बघत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ती त्याच्यापेक्षा उंचावर होती. "तुमच्या शब्दाचं काय ते तुमचं तुम्ही बघा. मी कुणाला काही शब्द दिलेला नाही. आणि उभं राहायचं असेल तर शिडी धरा, हलतेय."

शिडी खरोखरच हलत होती. हेमचंद्राने ती धरली. धरायची इच्छा नव्हती, पण बायको पडली असती.

*

माणगावला ते पोहोचले तेव्हा उन्हं कलली होती. सुकेळी खिंडीत एक चाक गेलं, कोलाडला पाणी भरावं लागलं, माईची कंबर धरली. तात्यांच्या ओटीवर गावातली माणसं सोनं द्यायला जमली होती आणि बडोद्याचे थोरले दीर कोट घालून आरामखुर्चीत बसले होते. जीप थांबली तशा ओटीवरच्या सगळ्या माना वळल्या.

मालिनी पायऱ्या चढली. आपट्याचं पान तात्यांच्या हातात ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि उभी राहून म्हणाली, "कुंदाला न्यायला आले."

तात्यांनी पान बाजूला ठेवलं. "हेमचंद्रांनी मला शब्द दिलाय."

"दादाने त्याचा दिला. तुम्ही तुमचा मला दिला होता, तेराव्याला, चार माणसांत. चूल मांड आणि मुलगी ने, आडवा येणार नाही. चूल मांडली, तात्या. आज सकाळी."

"घर झालं?"

"खोली झाली. छप्पर व्हायचंय."

तात्या हसले. बडोद्याचे दीरही हसले. "छप्पर नसलेल्या घरात माझी नात धाडू?"

"अट चुलीची होती. छपराची तुम्ही घातली नव्हती. माई साक्षीला आली आहे."

"दूध उतू गेलं," माई खालून, जीपमधूनच म्हणाली. तिला उतरवत नव्हतं. "मी डोळ्यांनी पाहिलं. खोटं सांगत असेन तर हे पोर माझ्या हाताला लागू नये."

ओटीवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. तेराव्याला हजर असलेला त्यांतला एक म्हातारा खाकरला, पण बोलला नाही. तात्यांचं अन्न त्याने बरंच खाल्लं होतं.

"मला कुठल्या चार माणसांत काय बोललो ते आठवत नाही," तात्या शांतपणे म्हणाले. "मुलगी बडोद्याला जाईल. तुम्ही चहा घ्या आणि निघा."

इथवर येईपर्यंत मालिनीने सगळ्याचा विचार केला होता, फक्त याचा केला नव्हता, की हा माणूस सरळ विसरलो म्हणेल.

तेव्हा आतला पडदा सरला आणि तिच्या सासूबाई, वेणूबाई, ओटीवर आल्या. पुरुषांच्या बैठकीत त्या उभ्या जन्मात आल्या नव्हत्या. एका हातात गाठोडं होतं, दुसऱ्या हाताला कुंदा. सहा वर्षांची, वेणीत झेंडू खोवलेली, डोळे विस्फारलेली.

"चार माणसं विसरली असतील," वेणूबाई म्हणाल्या. त्या आणखी एक पाऊल पुढे आल्या. "पाचवी मी होते. दाराआड. मला सगळं आठवतं."

"आत जा," तात्या म्हणाले.

"जाते. आधी पोरीला गाडीत बसवते." त्यांनी गाठोडं मालिनीच्या हातात दिलं. "बांधलेलंच होतं, बडोद्यासाठी. कपडे तेच आहेत, कुठेही चालतील. रात्री हिला तहान लागते, उशाशी पाणी ठेवत जा. माझा मुलगा गेला तेव्हा तुझी मुलगी मी ठेवून घेऊ दिली. तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

त्या नातीला घेऊन पायऱ्या उतरल्या आणि तिला माईच्या मांडीवर बसवलं. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं. बडोद्याचे दीर खुर्चीतून उठले होते, पण सगळ्या गावासमोर बायकांशी झोंबायचं कसं, ते त्यांना कळेना. बाळने बटण फिरवलं.

"हे बघा," तात्या ओटीच्या कडेला आले. चेहरा लाल झाला होता, आवाज गावाला ऐकू जाईल इतका मोठा. "शब्द मोडणाऱ्या तुमच्या भावाच्या घराची पायरी मी मेलो तरी चढणार नाही! नातीचं तोंड बघायला मिळालं नाही तरी बेहत्तर!"

मालिनी जीपमध्ये चढली. कुंदाला तिने माईच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं, गाठोडं पायाशी ठेवलं आणि मगच सासऱ्यांकडे वळून बघितलं.

"त्याची नका चढू, तात्या," ती म्हणाली. "माझं दार वेगळं आहे. दिवाळीला या."